परदेशी तण व कीड यांचा बंदोबस्त : बेटांवरील सरकारी धोरणापासून घ्यावयाचा बोध

जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या शत्रूंची यादी करूं गेल्यास एक गोष्ट सहज नजरेस येते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्यांनीं आपणांस अधिक नाडलें, त्यांपैकीं पुष्कळसे शत्रु या मुलखांतले नव्हत. बांधावरील गाजर गवत मूळचें अमेरिका खंडांतील. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी नांवाप्रमाणेंच तिकडची. ती भारतांत प्रथम २०१८ सालीं कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत शिरली. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ सालीं कोइमतूर येथें पहिल्यानें दिसला. आणि २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनचीं कोवळीं रोपें रातोरात फस्त करणारी शंखी गोगलगाय ही पूर्व आफ्रिकेंतील. हे पाहुणे आपल्या पायांनीं आले नाहींत. कोणी धान्यांतून, कोणी रोपांतून, कोणी यंत्रांच्या चाकांना लागलेल्या चिखलांतून आला. आणि एकाला तर मनुष्यानें केवळ हौसेखातर आणिलें.

अशा उपऱ्या जीवांचा बंदोबस्त कसा करावा, याचा विचार जगांत सर्वांत अधिक बेटांवरील सरकारांना करावा लागला आहे. मस्तगडाच्या परिसरांत कापूस, सोयाबीन, तूर व मोसंबी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास बेटांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. बेटांवर जें धोरण अनुभवानें ठरलें, त्याच्या कसोटीस आपल्या इकडील धोरण लावून पाहिलें असतां आपलें कोठें चुकतें व तें कोणीं सुधारावयाचें, हें स्पष्ट दिसतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

बेटांस धोका अधिक कां ?

बेटावरील वनस्पति व प्राणी हजारों वर्षें बाहेरच्या शत्रूवांचून वाढलेले असतात. जेथें उंदीर कधीं नव्हता, तेथील पक्षी जमिनीवर उघड्यावर घरटें करितो. जेथें चरणारें जनावर नव्हतें, तेथील झुडुपास कांटा नसतो. अशा ठिकाणीं एखादा परका जीव उतरला कीं, त्यास अडविणारें कोणीच नसतें. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं जैवविविधतेसंबंधीं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें २०२३ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत जगभर मनुष्यानें ३७,००० हून अधिक जीवजाती परमुलखांत नेल्याचें व त्यांपैकीं ३,५०० हून अधिक उपद्रवी ठरल्याचें म्हटलें आहे. ज्या जाती मुख्यत्वेंकरून अशा उपऱ्यांमुळें जगांतून नामशेष झाल्या, त्यांपैकीं शेंकडा नव्वद बेटांवरील होत्या, असाहि त्या अहवालाचा निष्कर्ष आहे.

यांत आपल्या देशाचाहि हात लागलेला आहे. जमेका बेटांतील उंसाच्या मळ्यांत उंदीर फार माजले, म्हणून १८७२ सालीं तेथील एका मळेवाल्यानें कलकत्त्याहून नऊ मुंगूस नेऊन सोडले. पहिलीं कांहीं वर्षें उंदीर कमी झाल्यासारखें दिसलें. जमेकाचें पाहून १८८३ सालीं हवाई बेटांतील मळेवाल्यांनींहि मुंगूस नेले. परंतु मुंगूस दिवसा हिंडणारा व उंदीर रात्रीं हिंडणारा. त्यामुळें दोघांची गांठ पडावी तितकी पडेना. मुंगसांनीं कोंबड्यांचीं पिलें, जमिनीवर घरटीं करणारे पक्षी, सरडे व अंडीं यांवर ताव मारिला. उंदीर राहिले ते राहिलेच. पुढें १९५५ सालीं त्याच हवाई बेटांत आफ्रिकी गोगलगायीचा नायनाट व्हावा म्हणून गोगलगाय खाणारी दुसरी एक गोगलगाय सरकारी खात्यानेंच आणिली. तिनें मोठ्या गोगलगायीस सोडून तेथील झाडांवरच्या देशी, निरुपद्रवी गोगलगायींचा फडशा पाडिला. एक उपद्रव घालविण्यासाठीं पुरती परीक्षा न करितां दुसरा आणूं नये, हा धडा बेटांना असा फार महाग पडला.

धोरणाच्या तीन पायऱ्या

अशा ठेंचा खाऊन बेटांवरील सरकारांचें जें धोरण बनलें, त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, परक्या जीवास दारांतच अडविणें. दुसरी, तो नजर चुकवून आंत आलाच, तर थोडका आहे तोंच त्याचा समूळ नाश करणें. तिसरी, तो सर्वत्र पसरल्यावर त्याचा नैसर्गिक शत्रु शोधून व सतत मेहनत करून त्यास आटोक्यांत ठेवणें. प्रत्येक पुढची पायरी मागचीपेक्षां अनेक पटींनीं खर्चाची आहे, आणि तिसऱ्या पायरीवरचा खर्च तर कधीं संपत नाहीं. म्हणून शहाणें सरकार आपला पैसा व माणसें पहिल्या दोन पायऱ्यांवर अधिक लावितें.

पहिली पायरी : दारांतील पहारा. या कामीं न्यूझीलंडचें उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या देशानें १९९३ सालीं जैवसुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. तेथें उतरणाऱ्या प्रवाशास आपल्याजवळचें फळ, बीं, लांकडी वस्तु, इतकेंच काय, पण जोड्याला लागलेली मातीहि जाहीर करावी लागते. न केल्यास जागच्याजागीं दंड होतो. आपल्या देशांतहि या बाबतींत कायदा नाहीं असें नाहीं. १९१४ सालचा विनाशक कीटक व कीड कायदा हा परदेशांतून येणाऱ्या रोपांवर व बियाण्यांवर निर्बंध घालण्याकरितांच झाला. त्या कायद्याच्या आधारें केंद्र सरकारनें २००३ सालीं वनस्पति-संगरोधाचा सविस्तर हुकूम काढिला. कोणतें बियाणें कोणत्या देशांतून, कोणत्या तपासणीनंतर आणावें, हें त्यांत ठरवून दिलें आहे, व ज्या तणांचें बीं आयात मालांत मुळींच असतां कामा नये त्यांची यादीहि जोडिली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें परदेशी उपद्रवी जातींची आयात, व्यापार व प्रसार यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला. याच वर्षाच्या अखेरीस माँट्रिअल येथें झालेल्या जागतिक परिषदेंत, अशा जातींचा शिरकाव व बस्तान बसण्याचें प्रमाण २०३० पर्यंत निदान निम्म्यानें कमी करावें व त्यांत बेटांसारख्या नाजूक स्थळांकडे विशेष लक्ष द्यावें, असें ठरलें. भारतहि त्या कराराचा भागीदार आहे.

दुसरी पायरी : थोडका असतांनाच समूळ नाश. या पायरीचें महत्त्व आपल्या इकडे फारसें कोणास उमगलेलें नाहीं. म्हणून दोन उदाहरणें जरा विस्तारानें देतों.

२०१० सालीं न्यूझीलंडांतील नेल्सन या गांवीं कोबीवर पडणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या फुलपांखराचे सुरवंट आढळले. कोबी, फुलकोबी, मोहरी या वर्गांतील पिकांचा हा युरोपांतील जुना वैरी. 'एवढ्याशा फुलपांखराचें काय घेऊन बसलां' असें न म्हणतां सरकारनें २०१२ सालीं त्याच्या समूळ नाशाची मोहीम हातीं घेतली. नोकरांनीं घरोघरचे परसू तपासले. शहरवासीयांस चित्रें वाटून फुलपांखरूं ओळखावयास शिकविलें. शाळेच्या सुटींत मुलांस प्रत्येक फुलपांखरामागें दहा डॉलरांचें बक्षीस लाविलें. २०१४ च्या डिसेंबरांत शेवटचें फुलपांखरूं सांपडलें. त्यानंतरहि तपास चालू ठेवून, २०१६ सालीं मोहीम फत्ते झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. चार वर्षें माणसें व पैसा लागला खरा; पण तेवढ्यावर तेथील कोबीचा मळेवाला कायमच्या फवारणींतून सुटला.

दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियाचें. तो खंडाएवढा मोठा असला तरी चोहोंकडून समुद्रानें वेढलेला देश असल्यामुळें त्याचें धोरण बेटांचेंच आहे. हें उदाहरण आपल्या अधिक उपयोगाचें, कारण तें आपल्याच गाजर गवताचें आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत हें गवत १९६० च्या सुमारास टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यांतून आलें, आणि आरंभींचीं वर्षें दुर्लक्षांत गेल्यामुळें तेथील कुरणें त्यानें व्यापिलीं. शेजारच्या न्यू साउथ वेल्स प्रांतांत तें १९८२ सालीं प्रथम दिसलें. परंतु तेथील सरकारनें क्वीन्सलंडची दशा पाहिली होती. सीमेवर कापणी-मळणीच्या यंत्रांची तपासणी सुरू झाली; यंत्र साफ केल्याखेरीज प्रांतांत घेण्यास मनाई झाली; रस्त्याच्या कडेला एक झाड दिसलें तरी तें खोदून काढून ती जागा पुढें कित्येक वर्षें पाहाण्यांत ठेवण्याची पद्धत पडली. परिणाम असा कीं, तणाचें बीं वारंवार येत असूनहि न्यू साउथ वेल्समध्यें त्यास घर करतां आलें नाहीं. येथें दोन प्रांतांच्या मध्यें समुद्र नव्हता. जमिनीवर आंखलेली एक रेघ होती, व त्या रेघेवर माणसें जागीं होतीं. आपल्या शिवाराच्या दृष्टीनें या लेखांतील हें सर्वांत महत्त्वाचें उदाहरण होय.

तिसरी पायरी : नैसर्गिक शत्रूची नेमणूक. परका जीव सर्वत्र पसरला म्हणजे नाश करण्याची गोष्ट मागें पडते. मग त्याच्या मूळ देशांत त्यास कोण खातें तें शोधावें, तो खाणारा आपलें पीक खात नाहीं याची पक्की परीक्षा करावी, व मग तो सोडावा, हा मार्ग उरतो.

या विद्येचा इतिहास आपल्याच देशांत सुरू होतो. १७९५ सालीं किरमिजी रंगाचा धंदा काढावा या हेतूनें ब्राझीलहून किरमिजी किडा भारतांत आणविला गेला. तो निघाला भलत्याच जातीचा. त्याचा रंग हिणकस ठरला. पण निवडुंगाची एक जात त्यानें अशी खाल्ली कीं, उत्तर व मध्य भारतांतून ती जवळजवळ नाहींशी झाली. तें पाहून १८६५ च्या सुमारास हा किडा मुद्दाम लंका बेटांत नेण्यांत आला. तण मारण्यासाठीं एका देशांतून दुसऱ्या देशांत हेतुपुरस्सर कीटक नेण्याचा जगांतील हा पहिला प्रयोग मानतात. आपल्याकडे राहिलेल्या दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगास मात्र हा किडा शिवेना. त्याचीं बनें गांवकुसांना व गायरानांना वेढून राहिलीं. तेव्हां लंकेनें उपकाराची फेड केली. ऑस्ट्रेलियामार्गें लंकेंत आलेली किरमिजी किड्याची दुसरी जात १९२६ सालीं तेथून दक्षिण भारतांत आणिली गेली, आणि पांच-सहा वर्षांत सुमारें एक लाख एकर जमीन निवडुंगापासून मोकळी झाली.

याच सुमारास ऑस्ट्रेलियांत सहा कोटि एकर मुलूख निवडुंगानें व्यापिला होता. १९२५ सालीं अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनीं १९३३ पर्यंत त्याचीं मोठमोठीं बनें पोखरून जमीनदोस्त केलीं. उध्वस्त झालेले शेतकरी पुन्हां आपल्या जमिनींवर आले, व बूनार्गा येथें त्यांनीं १९३६ सालीं त्या पतंगाच्या नांवानें सभागृह बांधिलें. मात्र तोच पतंग १९५७ सालीं वेस्ट इंडीजच्या बेटांत सोडल्यावर तेथून पसरत १९८९ सालीं अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत पोंचला, व जेथें निवडुंग देशी व उपयोगी आहे त्या मुलखास संकट होऊन बसला. नैसर्गिक शत्रूस सीमा दाखवितां येत नाहीं, हें या मार्गाचें वैगुण्य नेहमीं ध्यानांत ठेवावें. असें असूनहि परीक्षा नीट झाली असतां फायदा किती होतो, याचें ताजें उदाहरण पपईच्या पिठ्या ढेकणाचें आहे. प्वेर्तो रिको या बेटावरून २०१० सालीं एक बारीक परजीवी माशी बंगळूरच्या केंद्रीय संस्थेनें आणविली. तिच्या योगानें थोड्याच काळांत दक्षिणेंतील पपईचे व तुतीचे मळे वांचले, आणि शेतकऱ्यास औषधाची एक बाटलीहि विकत घ्यावी लागली नाहीं.

गाजर गवताच्या बाबतींत आपल्या इकडे काय झालें ?

आतां हीच कसोटी आपल्या गाजर गवतास लावून पाहूं. १९५५ सालीं हें गवत पुण्यांत दिसलें व १९५६ सालीं त्याची शास्त्रीय नोंद झाली. अमेरिकेंतून आलेल्या गव्हाबरोबर तें आलें, असा समज सर्वत्र आहे, व त्यावरूनच त्यास काँग्रेस गवत हें नांव पडलें. पुढें डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेच्या संग्रहांत १८८० सालचा नमुना सांपडल्यामुळें तें तुरळक प्रमाणांत आधींहि असावें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूं लागले. तें कसेंहि असो. १९५५ सालीं तें पुण्याच्या कांहीं मोकळ्या जागांपुरतें होतें. दुसऱ्या पायरीची वेळ ती होती. ती हातची गेली, आणि तेथून रस्त्यांच्या, आगगाडीच्या व कालव्यांच्या कडेकडेनें तें देशभर गेलें.

याची वाढण्याची शक्ति विलक्षण आहे. एका जोमदार झाडास दहा ते पंचवीस हजारपर्यंत बीं येतें. ओल मिळाली कीं वर्षांतून तीन-चार पिढ्या होतात, आणि मातींत गाडलेलें बीं कित्येक वर्षें जिवंत राहातें. त्याच्या अंगीं असलेला विषारी रस शेजारच्या पिकाची उगवण व वाढ खुंटवितो. उपटणाऱ्यांच्या अंगास खाज सुटते, त्वचा फाटते. परागांमुळें कित्येकांस शिंका व दमा जडतो. जनावरें तें सहसा खात नाहींत. दुष्काळांत चाऱ्याबरोबर पोटांत गेल्यास दुधास कडवट वास येतो व जनावर आजारी पडतें. ज्या मराठवाड्यांत चाऱ्याची टंचाई वरचेवर पडते, तेथें गायरानाचा एक-एक बिघा या गवताखालीं जाणें, म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या दावणींतील एक-एक जनावर कमी होणें होय.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. पिकांवरील कीड, रोग व उपद्रवी तण यांच्या बंदोबस्ताचा कायदा मद्रास इलाख्यानें १९१९ सालीं, मुंबई इलाख्यानें १९४७ सालीं व कर्नाटकानें १९६८ सालीं केला. या कायद्यांचें सामान्य स्वरूप असें कीं, सरकारनें एखादें तण उपद्रवी म्हणून जाहीर करावें, जमीनधारकास तें काढण्याची नोटीस द्यावी, व त्यानें न काढल्यास सरकारनें काढून खर्च वसूल करावा. कर्नाटकानें १९७५ सालीं गाजर गवत असें उपद्रवी म्हणून जाहीरहि केलें. तरी तेथील गवत हटलें नाहीं. याचें कारण उघड आहे. हा कायदा जमीनधारकाकडे बोट दाखवितो. परंतु गाजर गवताचें माहेर रस्त्याची कड, रुळांची बाजू, कालव्याचा भराव, गायरान, गांवठाण व पडकीं आवारें हें आहे. शेतकरी आपलें वावर निंदून स्वच्छ करितो, आणि पुढच्या पावसाळ्यांत सार्वजनिक जागेवरील बीं पाण्याबरोबर वाहात येऊन त्याच्या वावरांत उगवतें. ज्या जागेस धनी नाहीं तेथें नोटीस कोणास बजावावी ? खाजगी जमिनीपुरता कायदा व सार्वजनिक जमिनीवर मोकळीक, हेंच या धोरणाचें मुख्य व्यंग आहे.

तिसऱ्या पायरीवर मात्र बरें काम झालें. १९८३ सालीं मेक्सिकोहून झायगोग्रामा या जातीचा भुंगा बंगळुरास आणून, परीक्षा करून, १९८४ सालीं सोडण्यांत आला. पिवळसर पाठीवर तपकिरी उभ्या रेघा असलेला हा लहान भुंगा व त्याच्या अळ्या गाजर गवताचीं पानें खाऊन झाडास फुलोऱ्यापूर्वींच खराट्यासारखें करून टाकितात. १९९१ च्या सुमारास तो कर्नाटकांत सूर्यफुलावर दिसल्यामुळें मोठी ओरड झाली. सरकारनें चौकशी करविली, व सूर्यफुलास त्यापासून खरा धोका नाहीं असा निर्णय तज्ज्ञांनीं दिला. परंतु हा मजूर पावसाळ्याचा आहे. जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तो कामावर असतो. मग जमिनींत शिरून निजतो. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत पाटाच्या ओलीवर वाढणारें गवत त्याच्या तडाख्यांतून सुटतें. त्याच्यावर सर्व भार टाकून आपण स्वस्थ बसणें बरोबर नाहीं.

आपल्या निष्काळजीपणाचें फळ शेजाऱ्यांसहि भोगावें लागलें. लंकेंत हें गवत १९९९ सालीं वावुनिया भागांत प्रथम नोंदलें गेलें. १९८७ सालीं तेथें गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या रसदीबरोबर, तिच्यासाठीं नेलेल्या शेळ्यांमेंढ्यांच्या मार्गें, तें गेलें असावें असें समजतात. ज्या बेटानें आपणांस निवडुंगाचा काळ धाडिला, त्यास आपल्याकडून ही भेट गेली. शंखी गोगलगायीची वाट याच्या उलट. ती १८४७ सालीं मॉरिशस बेटांतून एका शंखांच्या शोकी गृहस्थानें कलकत्त्यास आणून सोडिली, आणि पावणेदोनशें वर्षांनीं तिच्या वंशजांचा हिशेब आपल्या सोयाबीनच्या शेतकऱ्यास चुकवावा लागला.

शिवाराचें बेट करावें

दारांतील पहारा हें केंद्र सरकारचें काम आहे, व नैसर्गिक शत्रु शोधणें हें शास्त्रज्ञांचें. मधली पायरी, म्हणजे थोडकें असतांना पाहाणें व तत्काळ काढणें, ही कोणत्याहि खात्यास दुरून साधणारी नाहीं. ती गांवानेंच चढावयाची आहे. बेटास समुद्राचा खंदक आयता मिळतो. आपल्या शिवाराचा खंदक आपण शिस्तीनें उत्पन्न केला पाहिजे. न्यू साउथ वेल्सनें केला, तो आपणांसहि करतां येईल. त्यासाठीं पुढील गोष्टी अवश्य आहेत.

(१) यंत्रांची स्वच्छता. गाजर गवताच्या बियांस म्हातारीच्या बियांसारखे पंख नसतात. तें झाडाखालींच पडतें व पुढचा प्रवास बव्हंशीं मनुष्याच्या, जनावरांच्या व पाण्याच्या आधारें करितें. सुगीच्या दिवसांत परप्रांतांतून येणारीं कापणी-मळणीचीं यंत्रें गांवोगांव फिरतात. अशा यंत्राचा करार करतांनाच, तें शिवारांत शिरण्यापूर्वीं झाडून, धुऊन घेण्याची अट घालावी. धुण्याची जागा वेशीजवळ एकच ठरवावी, व तेथें जें उगवेल तें दर पंधरा दिवसांनीं खुरपून टाकावें.

(२) बियाणें, खत, चारा व रोपें. बियाण्यांच्या धंद्याकरितां जालन्याचें नांव देशभर आहे. आपल्या शेतांतून निघणारें बीजोत्पादनाचें पीक तणाच्या बियांनीं भेसळलें, तर माल नापास होतो, आणि पास झालाच तर तण शंभर गांवीं जातें. म्हणून बीजोत्पादनाच्या प्लॉटाभोंवतालचे बांध प्रथम स्वच्छ ठेवावे. विकतचें शेणखत नीट कुजलेलें असल्याखेरीज वावरांत घालूं नये. मोसंबीचीं कलमें आणतांना पिशवींतील माती पाहावी. गाजर गवताचीं रोपें व गोगलगायीचीं साबुदाण्यासारखीं अंडीं यांचा प्रवास याच मातींतून होतो.

(३) फुलोऱ्यापूर्वीं उपटणी. पहिल्या चांगल्या पावसानंतर जमीन ओली असतांना, हातमोजे घालून, झाड मुळासकट उपटावें. नुसतें कापल्यास तें पुन्हां फुटतें. फूल येण्यापूर्वीं उपटलेल्या गवताचें उत्तम कंपोस्ट होतें. फुलावर आलेलें मात्र खड्ड्यांत टाकूं नये, कारण त्याचें बीं खतांतून परत शेतांत येतें. ज्यांस या गवताची बाधा होते त्यांस या कामावर घेऊं नये. जबलपूरच्या तणसंशोधन संचालनालयाच्या प्रेरणेनें दरवर्षीं १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलनाचा सप्ताह पाळला जातो. पण आपल्याकडे पाऊस लवकर झाल्यास तोंपर्यंत पहिलें गवत फुलावर येतें. यासाठीं एक उपटणी जुलैंत व एक सप्ताहांत अशी योजना करावी.

(४) भुंग्यास व टाकळ्यास अभय. ज्या गायरानांत भुंगा लागला आहे तेथें औषध मारूं नये. तेथून भुंगे गोळा करून नवीन जागीं सोडावे. उपटून मोकळी झालेली जागा उघडी ठेवूं नये. तेथें टाकळ्याचें बीं पेरावें. टाकळा दाट वाढून गाजर गवतास डोकें वर काढूं देत नाहीं.

(५) नव्या पाहुण्याची वर्दी. पूर्वीं न पाहिलेलें तण, अळी, गोगलगाय आढळल्यास ती तशीच सोडूं नये. नमुना बाटलींत घालून खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राकडे, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाकडे ओळख पटविण्यासाठीं न्यावा. शंखी गोगलगाय आरंभीं बांधाच्या एका कोपऱ्यांत पांच-पंचवीस असते. तेव्हां सायंकाळीं ओलीं गोणपाटें पसरून ठेवावीं, सकाळीं त्यांखालीं जमलेल्या गोगलगायी वेंचून मिठाच्या पाण्यांत बुडवाव्या, म्हणजे काम भागतें. एकेक गोगलगाय एका खेपेस शेंकडा-दीडशें अंडीं घालते. एक पावसाळा दुर्लक्ष केलें तर पुढच्या वर्षीं दुबार पेरणीवांचून गत्यंतर राहात नाहीं.

सरकारकडे मागणें काय ?

या कामांत गांवानें आपली बाजू सांभाळली म्हणजे सरकारकडे दोन मागण्या करण्याचा त्यास अधिकार येतो. पहिली अशी कीं, बांधकाम, पाटबंधारे, रेल्वे व वन या खात्यांनीं आपापल्या हद्दींतील गाजर गवत फुलोऱ्यापूर्वीं काढण्याची जबाबदारी लेखी पत्करावी. जो नियम खातेदारास लागू तोच सार्वजनिक जागेच्या धन्यास लागू असावा. दुसरी अशी कीं, नवी कीड अगर तण प्रथम दिसल्याची वर्दी आल्यापासून थोडक्या दिवसांत तेथें पोंचणारें, खर्चाचा अधिकार असलेलें पथक प्रत्येक जिल्ह्यांत असावें. नुकसान झाल्यावर पंचनामे करून मदत वांटण्यांत जो पैसा जातो, त्याचा लहानसा अंश जरी या पथकावर खर्च झाला, तरी पुष्कळसे पंचनामे करण्याची वेळच येणार नाहीं. नेल्सनच्या कोबीवाल्यांस तेथील सरकारनें नुकसानभरपाई दिली नाहीं, कारण नुकसान होऊंच दिलें नाहीं.

मस्तगडाचा तट १७२५ सालीं बांधला गेला तेव्हां शत्रु घोड्यावरून येत असे, व बुरुजावरील पहारेकऱ्यास तो कोसभर दुरून दिसे. आतांचा शत्रु ट्रॅक्टरच्या चाकांतून, कलमाच्या पिशवींतून व स्वस्त मिळालेल्या खताच्या गाडींतून येतो. त्यास दुरून पाहाणारा बुरूज नाहीं. शेतकऱ्याचे डोळे हाच त्याच्यावरील पहारा. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एकत्र बसून आपल्या शिवाराचा नकाशा काढावा, गाजर गवताच्या जागा त्यावर मांडाव्या, यंत्रें धुण्याची जागा ठरवावी, व जुलैच्या उपटणीचा दिवस मुक्रर करावा. एवढें केल्यास पहिल्या वर्षीं गवत संपणार नाहीं. परंतु त्या वर्षीं पडणारें नवें बीं कमी होईल, आणि जमिनींतील जुनें बीं दरवर्षीं उगवून उगवून सरत जाईल. तीन-चार पावसाळे हा क्रम न चुकतां चालविणाऱ्या गांवास आपल्या गायरानांत पुन्हां गुरें चरतांना दिसतील.